रेल्वे स्थानकापर्यंतची वाट : परळ–एल्फिन्स्टन रोडच्या संदर्भात पादचारी पुलांच्या नियोजनाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

भारतीय रेल्वेचा इतिहास बहुतांशी लोहमार्गांची लांबी, कंपन्यांचे भांडवल आणि मालवाहतुकीचे आकडे यांच्या आधारे लिहिला गेला आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली, हे शालेय विद्यार्थ्यासही ठाऊक असते. परंतु गाडीत बसण्यापूर्वी प्रवासी स्थानकापर्यंत कसा पोहोचत होता, कोणत्या रस्त्याने येत होता, कोणता जिना चढत होता, याची दखल इतिहासलेखनात क्वचितच घेतली गेली आहे. प्रस्तुत लेखात मुंबईतील परळ व एल्फिन्स्टन रोड (जुलै २०१८ पासून प्रभादेवी) या परस्परांलगतच्या स्थानकांच्या आधारे या उपेक्षित बाजूचा विचार केला आहे. या स्थानकांवरील पुलांची उणीव केवळ पैशाची अथवा तंत्रज्ञानाची नव्हती; स्थानकाची वाट कोणाच्या हद्दीत येते आणि तिचा खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली दाखविला जातो, या दोन प्रश्नांत तिचे मूळ होते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

कंपन्यांची हद्द

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीशी १८४९ मध्ये झालेल्या करारानुसार कंपनीच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी देण्यात आली आणि लोहमार्गासाठी लागणारी जमीन सरकारने विनामूल्य पुरविली. या व्यवस्थेचा आर्थिक अंगाने पुष्कळ ऊहापोह झाला आहे. तिचा एक स्थानिक परिणाम मात्र दुर्लक्षित राहिला. सरकारने दिलेल्या जमिनीचे कुंपण हीच कंपनीच्या कर्तव्याची सीमा ठरली. कुंपणाच्या आत फलाट, रूळ व तिकीटघर. कुंपणाबाहेरचा रस्ता, गटार आणि गर्दी ही नगरपालिकेची बाब. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया ही दुसरी कंपनी शहराच्या पश्चिम बाजूने लोहमार्ग घेऊन आली. परळ परिसरात दोन्ही कंपन्यांचे मार्ग जवळजवळ खांद्याला खांदा लावून धावू लागले. परंतु एकीच्या फलाटावरून दुसरीच्या फलाटावर प्रवाशाने कसे जावे, हा प्रश्न कोणत्याच कंपनीच्या व्यवसायात बसत नव्हता.

५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य व पश्चिम रेल्वे हे विभाग अस्तित्वात आले तेव्हा कंपन्या इतिहासजमा झाल्या होत्या, पण त्यांची सीमारेषा तशीच राहिली. राज्यघटनेने रेल्वे हा विषय केंद्रसूचीत, तर स्थानिक स्वराज्य संस्था व रस्ते हे विषय राज्यसूचीत घातले. परिणामी परळच्या एका पादचाऱ्याच्या पाच मिनिटांच्या चालीत महापालिका, मध्य रेल्वे आणि पश्चिम रेल्वे अशी तीन प्रशासने येतात. पुढे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची (एमएमआरडीए) त्यांत भर पडली.

गिरणगावातून कार्यालयांकडे

ही विभागणी दीर्घकाळ निभावून गेली, याचे कारण गिरणगावाच्या रचनेत सापडते. गिरणी कामगार बहुसंख्येने गिरणीच्या आसपासच्या चाळींत राहत असे. भोंगा झाला की तो पायीच निघे. त्याच्या दैनंदिन जीवनात रेल्वे होती, पण कामावर जाण्यासाठी ती त्याला अपरिहार्य नव्हती. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपानंतर हे चित्र पालटले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ आणि त्यात २००१ मध्ये झालेला बदल यांमुळे गिरण्यांच्या जमिनींवर कार्यालये, व्यापारी संकुले व निवासी मनोरे उभे राहिले. तेथे काम करणारा वर्ग परिसरातला नव्हता. तो ठाणे, कल्याण, बोरिवली, विरारहून लोकलने येणारा होता. पूर्वी जेथे सकाळी पाळीचा कामगार पायी येई, तेथे आता सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान प्रत्येक गाडी शेकडो माणसे उतरवू लागली.

या जमिनींच्या वाटपाविषयी वाद झाला तो मोकळ्या जागा, घरे आणि गिरणी कामगारांचे हक्क यांविषयी, आणि तो होणे योग्यच होते. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निर्णयही आला. परंतु एवढी कार्यालये उभी राहिल्यावर एल्फिन्स्टन रोडचा जिना पुरेल काय, हा प्रश्न त्या वादात मध्यवर्ती कधीच नव्हता. इमारतीला परवानगी देणारे एक प्रशासन आणि जिना बांधणारे दुसरे, अशा स्थितीत तो प्रश्न विचारणे हे कोणाचेच काम नव्हते.

लेखाशीर्षाचा प्रश्न

२९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी साडेदहाच्या सुमारास, पाऊस सुरू असताना, एल्फिन्स्टन रोड व परळ यांना जोडणाऱ्या पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा मृत्यू झाला. रेल्वेच्या चौकशीत पावसामुळे लोक पुलावर थांबून राहिले या बाबीवर भर देण्यात आला. मुंबईत सप्टेंबरमध्ये पाऊस पडतो, हे नियोजनकर्त्यास अनपेक्षित असू शकत नाही. त्यामुळे हे स्पष्टीकरण प्रस्तुत लेखकास अपुरे वाटते. अधिक महत्त्वाची गोष्ट ही की, येथे नव्या पुलाची मागणी लोकप्रतिनिधींनी आधीच केली होती, त्याला मंजुरीही मिळाली होती, आणि दुर्घटनेच्या वेळी तो निविदेच्या टप्प्यावर होता.

मंजुरी आणि प्रत्यक्ष बांधकाम यांच्यातील हा काळ समजून घेणे आवश्यक आहे. पादचारी पुलाचा प्रस्ताव प्रथम रेल्वेच्या वार्षिक कामांच्या कार्यक्रमात समाविष्ट व्हावा लागतो. त्यानंतर आराखडा, अंदाजपत्रक, त्यांची मान्यता, निविदा आणि कार्यादेश. पुढे केबल, जलवाहिन्या व सिग्नलची यंत्रणा हलवावी लागते. गर्डर टाकण्यासाठी गाड्या थांबवून ‘ब्लॉक’ घ्यावा लागतो. मुंबईत तो मध्यरात्रीचे काही तास किंवा रविवार एवढाच मिळतो. जिना ज्या पदपथावर उतरतो तो पदपथ महापालिकेचा, म्हणून तिचीही संमती हवी. यातील प्रत्येक पायरी स्वतंत्रपणे समर्थनीय आहे. पण या सर्व पायऱ्या एकामागून एक पार पाडावयाच्या आणि त्या साऱ्यांवर देखरेख ठेवणारा एक जबाबदार अधिकारी नाही, असे झाले की काही महिन्यांच्या कामाला काही वर्षे लागतात.

याहून मूलभूत बाब हिशेबाची होती. पादचारी पूल हा रेल्वेच्या हिशेबात ‘प्रवासी सुविधा’ या शीर्षाखाली मोडत असे. बाके, पंखे, पाणपोई, प्रतीक्षालये यांच्याच रांगेत तोही उभा होता. सुविधा म्हणजे असल्यास बरी, नसल्यास चालवून घ्यावयाची गोष्ट. निधीची चणचण भासली की सुविधांना कात्री लागते, सुरक्षेच्या कामांना सहसा लागत नाही. दुर्घटनेच्या दुसऱ्याच दिवशी, ३० सप्टेंबर २०१७ रोजी, तत्कालीन रेल्वेमंत्री पीयूष गोयल यांनी पादचारी पूल यापुढे सुविधा न मानता सुरक्षेसाठी अनिवार्य मानले जातील, असे जाहीर केले. दीडशे वर्षांचा प्रघात बदलत असल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. हा निर्णय स्वागतार्ह होता, यात शंका नाही. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थांबून विचार करावयास हवा. या निर्णयाने कोणतेही नवे तंत्र आणले नाही, केवळ एका कामाचे वर्गीकरण बदलले. म्हणजेच तोवरचा विलंब काही अंशी वर्गीकरणातून निर्माण झालेला होता.

याची पूर्वसूचना अन्यत्र मिळालेली होती. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय समितीने २०१२ च्या अहवालात रूळ ओलांडताना देशभरात दरवर्षी सुमारे १५,००० लोक मृत्युमुखी पडतात आणि त्यांपैकी सुमारे ६,००० एकट्या मुंबई उपनगरी मार्गावर, असे नमूद केले होते. १९८९ च्या रेल्वे अधिनियमाच्या कलम १४७ नुसार रूळ ओलांडणे हा दंडनीय अपराध आहे. तथापि, जेथे पूल दूर, अरुंद अथवा नाहीच, तेथे कायद्याने रूळ ओलांडणाऱ्यास अपराधी ठरविले, पण त्याला दुसरी वाट दिली नाही.

लष्कराचे पूल आणि फेरीवाले

दुर्घटनेनंतर एल्फिन्स्टन रोड, करी रोड व आंबिवली येथील पूल लष्कराकडे सोपविण्यात आले आणि २७ फेब्रुवारी २०१८ रोजी ते खुले झाले. ३१ ऑक्टोबर २०१७ च्या घोषणेपासून जेमतेम चार महिन्यांत हे काम झाले. नागरी कामासाठी लष्कर वापरावे काय, यावर त्या वेळी टीका झाली आणि ती अस्थानी नव्हती. मात्र याच उदाहरणाने एक गोष्ट सिद्ध केली : निर्णय, निधी व अंमलबजावणी एका हाती आल्यास पुलाला वर्षे लागत नाहीत.

याच सुमारास, १ नोव्हेंबर २०१७ रोजी, मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयात स्थानकांपासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई असल्याचे स्पष्ट करण्यात आले. त्याआधीच स्थानकांबाहेर फेरीवाल्यांविरुद्ध आंदोलने झाली होती. फेरीवाल्यांमुळे वाट अरुंद होते, हे खरे. पण २३ जणांचा बळी घेणारा जिना फेरीवाल्याने बांधलेला नव्हता, आणि सर्वांत सहज हलविता येणारा घटक तोच असल्यामुळे चर्चेचा रोख त्याच्याकडे वळला, असे दिसते.

स्कायवॉकचा धडा

कुंपणाबाहेरून या प्रश्नाला भिडण्याचा प्रयत्न त्यापूर्वी झालाच नव्हता, असे नाही. एमएमआरडीएने २००८ मध्ये वांद्रे पूर्वेपासून स्कायवॉकची योजना अमलात आणली आणि महानगर प्रदेशात तीसहून अधिक स्कायवॉक उभारले. स्थानकाबाहेरील कोंडी टाळून पादचाऱ्यास थेट पुढे नेणे हा हेतू योग्य होता. काही ठिकाणी त्यांचा चांगला उपयोगही झाला. परंतु जो माणूस रोज दोन वेळा रेल्वेचा जिना चढतो, त्याने रस्त्याच्या पातळीवर जाण्याची सोय असताना आणखी उंचावरून वळसा घ्यावा, ही अपेक्षा अनेक ठिकाणी फोल ठरली. वृद्ध, गरोदर स्त्रिया, ओझे वाहणारे आणि अपंग व्यक्ती यांचा विचार १९९५ चा अपंग व्यक्ती अधिनियम अस्तित्वात असूनही नंतर सुचलेल्या गोष्टीसारखा झाला.

देखभालीच्या बाबतीत तर हद्दीचा प्रश्न अधिकच तीव्रतेने पुढे आला. ३ जुलै २०१८ रोजी अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी भाग कोसळला. १४ मार्च २०१९ रोजी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसलगतचा हिमालय पूल कोसळून जीवितहानी झाली. दोन्ही प्रसंगी पूल कोणाचा, तपासणी कोणी करावयाची, यावर रेल्वे व महापालिका यांच्यात प्रथम वाद झाला. हिमालय पूल तर संरचनात्मक तपासणीत किरकोळ दुरुस्तीयोग्य ठरलेला होता. नवा पूल मार्च २०२३ मध्ये खुला होईपर्यंत तेथील पादचारी चार वर्षे वाहनांच्या गर्दीतून रस्ता ओलांडत राहिले.

ऑगस्ट २०२३ मध्ये अमृत भारत स्थानक योजनेखाली देशातील ५०८ स्थानकांच्या पुनर्विकासाची पायाभरणी झाली. त्यांत महाराष्ट्रातील ४४ स्थानके होती. स्थानकाकडे येणारे रस्ते व शहराच्या दोन्ही बाजूंची जोडणी हा या योजनेचा घोषित भाग आहे. कुंपणाबाहेरचे काम तीत कोणाच्या निधीतून आणि कोणाच्या देखरेखीखाली होते, हे प्रत्येक स्थानकागणिक तपासावे लागेल. दरम्यान, परळ आणि प्रभादेवी यांना जोडणारा जुना एल्फिन्स्टन पूल शिवडी–वरळी जोडरस्त्यासाठी सप्टेंबर २०२५ मध्ये वाहतुकीस बंद करण्यात आला. या पुलावरून पायी जाणाऱ्यांचा भार रेल्वेच्या पादचारी पुलांवर आला. ज्यांनी तो भार टाकला ते प्राधिकरण राज्याचे आणि ज्यांच्यावर तो पडला ते जिने रेल्वेचे.