पाचरीची तार आणि उसाचा रस

बेलापूर म्हटलं की आपल्याला सीबीडी आठवतं. पण दुसरं बेलापूर आहे अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यात, उसाच्या पट्ट्यात. त्याच जिल्ह्यात प्रवरानगरला १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखाना उभा राहिला.

गाळप झालं की रसात बारीक चोथा येतो. तो साचून राहिला तर रस आंबतो. म्हणजे शेतकऱ्याची साखर जंतू खातात. पूर्वी रस भोकं पाडलेल्या पत्र्यावर गाळत. गोल तारांची जाळी लावली, तर फट वर रुंद, मध्ये अरुंद. चोथा नेमका तिथे अडकतो. पाचरीसारख्या तारेत उलटं असतं. फट वरच अरुंद, खाली रुंद. कण एक तर वर राहतो, नाही तर सरळ खाली जातो.

१९५०च्या दशकात नेदरलँड्सच्या सरकारी खाणींनी अशा तारा बाकदार चाळणीवर आडव्या बसवल्या. हीच साखर कारखान्यांतली ‘डीएसएम स्क्रीन’. वरून रस घसरतो, तारेची प्रत्येक धार त्याचा पातळ थर कापून खाली घेते. त्यातून जाणारा कण फटीच्या साधारण निम्म्याच आकाराचा. चाळणीत हलणारा भाग एकही नाही! मात्र धार झिजून गोल झाली की गुण गेला. म्हणून चाळणी फिरवून लावावी लागते.

सहकाराच्या इतिहासात आपण माणसांची नावं घेतो, घ्यायलाच हवीत. पण शेतकऱ्याची साखर वाचवण्यात या तारेच्या धारेचाही वाटा आहे.