राजीनाम्याचा जुना अर्थ

'राजीनामा' हा शब्द आज आपण वर्तमानपत्रात रोज वाचतो. मंत्र्याने राजीनामा दिला, अध्यक्षाने राजीनामा दिला. कुणीतरी खुर्ची सोडली, एवढाच त्याचा अर्थ आपल्याला ठाऊक असतो. पण तीनशे वर्षांपूर्वीच्या मराठी कागदांत हा शब्द वेगळ्या अर्थाने येतो. गावात दोन घरांचा तंटा उभा राहिला आणि तो पंचांपुढे न्यायचा ठरला, की दोन्ही पक्ष आधी लिहून देत, 'आम्ही या पंचांपुढे बोलण्यास राजी आहोत, ते सांगतील ते मान्य करू.' हा राजीनामा, म्हणजे राजी असल्याचा लेख. तो मिळाल्याशिवाय पंचांचे काम सुरू होत नसे.

वसमत तालुक्यातल्या एका गावात मी बरीच वर्षे शिक्षक होतो. निवृत्त झाल्यावर गावाच्या तंटामुक्त समितीत बसलो. त्या कामामुळे मला जुन्या पंचायतींबद्दल वाचण्याची ओढ लागली. आज त्याच वाचनातले काही आणि समितीत पदरी पडलेले काही सांगणार आहे.

शिवकाळात आणि पेशवाईत गावचा तंटा बहुधा गोतसभेपुढे जाई. गोत म्हणजे केवळ नातेवाईक नव्हेत. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन आणि बारा बलुतेदार असे सारे त्यात येत. फिर्यादीला अग्रवादी म्हणत, प्रतिवादीला पश्चिमवादी. दोघांचे राजीनामे आणि जामीन झाले, की प्रत्येक जण आपला करीना, म्हणजे हकीकत, सांगे. साक्षी होत. निकालाचा महजर लिहिला जाई आणि जमलेले लोक त्यावर आपली निशाणी करीत. लिहिता न येणारा पाटील नांगर काढी, बलुतेदार आपापल्या धंद्याचे अवजार काढीत. हरलेला पक्ष 'यजितखत' लिहून देई, म्हणजे आपली बाजू खोटी ठरली हे स्वतःच्या नावाने कबूल करी. जिंकणाऱ्याने सरकारात हरकी भरायची, हरणाऱ्याने गुन्हेगारी भरायची. डॉ. गुणे यांचा मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरचा ग्रंथ १९५३ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. असल्या कागदांचा अभ्यास करणाऱ्याला तो आजही हाताशी घ्यावा लागतो.

हे सारे ऐकायला फार गोड वाटते. पण त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. साक्षीपुराव्याने काही ठरेना, तर दिव्य करावे लागे. उकळत्या तेलातून धातूचा तुकडा हाताने काढायचा आणि हात भाजला तर खोटा ठरायचे. शिवेच्या भांडणात महारांची साक्ष मोलाची मानली जाई, कारण शीव त्यांना नेमकी माहीत असे. पण साक्षीला मान होता म्हणून पंगतीला मान होता, असे नाही. पेशवाई गेल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ साली नव्या मुलखाचा अहवाल लिहिला. पंचायतीवर लोकांचा विश्वास आहे हे त्याने नोंदवले, तसेच तिची दिरंगाई आणि निकाल अमलात आणण्याची अडचण हेही नोंदवले.

आपला वसमतचा मुलूख मात्र इंग्रजांकडे गेला नाही, निजामाकडे राहिला. वसमत तेव्हा परभणी जिल्ह्याचा तालुका होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सालारजंगाच्या सुधारणांनी जिल्हे बसले, तालुके बसले, मुन्सफ आले. पुढे दरबारची फारसी जाऊन उर्दू आली. घरात, शेतात, बाजारात मराठी बोलणाऱ्या माणसाचा दावा उर्दूत लिहिला जाऊ लागला. आपला कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा आणि तो सांगेल त्यावर विश्वास ठेवायचा. अशा वेळी माणसाला पारावरचे पंच जवळचे वाटले तर त्यात नवल नाही. त्यांचे बोलणे निदान कळत तरी होते. 'तहसील', 'फैसला', 'तारीख', 'वकील' हे शब्द आपल्या तोंडी बसले ते अशाच व्यवहारांतून.

तिकडे इंग्रजी मुलखात वेगळे प्रयोग चालू होते. १८७०च्या दशकात पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, लवाद कोर्टे काढली. कोर्टाचा खर्च आणि खेपा वाचाव्यात म्हणून प्रतिष्ठित माणसांनी लोकांचे तंटे मिटवावेत, अशी ती कल्पना होती. १८७५ साली पुणे-नगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्यात सावकाराने शेतकऱ्यावर दावा लावण्याआधी तो समेट करणाऱ्या पंचाकडे नेण्याची सोय होती. पुढे १९४३च्या सुमारास सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारने गावोगाव लोकन्यायालये चालवली. लोक इंग्रजांच्या कोर्टाची पायरी चढेनासे झाले, ही त्यांची मोठीच कमाई. पण तिथेही निकालामागे धाक होता. 'पत्री सरकार' हे नाव लोकांनी उगाच दिलेले नाही.

हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाले. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. १९५४-५५च्या खासरा पाहणीत कुणाच्या नावावर किती जमीन ते लिहिले गेले आणि त्या पत्रकावरची भांडणे आजही चालू आहेत. पूर्णा प्रकल्पात येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे झाली, कालव्याचे पाणी वसमत तालुक्यात आले. ऊस आला, हळद आली, साखर कारखाना आला. पाण्याबरोबर जमिनीची किंमत वाढली आणि किमतीबरोबर तंटे वाढले. पूर्वी बांधावरच्या बाभळीवरून भांडण होई, आता पाणीपाळीवरून आणि बैलगाडीच्या वाटेवरून होऊ लागले.

या पार्श्वभूमीवर १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी ती मोठ्या हिरिरीने राबवली. आबा सांगली जिल्ह्यातल्या तासगावकडचे, म्हणजे प्रतिसरकारच्याच मुलखातले. ग्रामसभेने समिती निवडायची, तिने दिवाणी, महसुली आणि फौजदारी तंट्यांची नोंदवही करायची, समोपचाराने तंटे मिटवायचे. कायद्याने ज्यांत तडजोड चालत नाही असे गंभीर गुन्हे तिने हाताळायचे नाहीत. समितीत बसणाऱ्याला पगार नाही. गाव तंटामुक्त ठरले, तर लोकसंख्येप्रमाणे १ लाखापासून १० लाखांपर्यंत बक्षीस. त्यासाठी गुण ठरवलेले होते.

आमच्या ग्रामसभेने मलाही समितीवर घेतले. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून आम्ही बसत असू. मी खोटे कशाला बोलू, ते दिवस चांगले होते. एकमेकांच्या दारावरून न जाणारे दोन सख्खे भाऊ आमच्यासमोर एका ताटलीतले पोहे खाऊन गेले. अकरा वर्षे तारखा चाललेला वाटेचा दावा दोन बैठकांत मिटला. कारण एवढेच, की आम्ही चौघे जण दोघांना घेऊन प्रत्यक्ष बांधावर गेलो आणि गाडी कुठून वळते ते डोळ्यांनी पाहिले. गावच्या माणसाला गाव ठाऊक असते, हे या कामाचे बळ आहे.

पण एक प्रकरण माझ्या मनातून जात नाही. साल २००९. एका शेतकऱ्याच्या मृत्यूनंतर त्याच्या जमिनीचा फेरफार मुलांच्या नावाने लावायचा होता. सासरी दिलेल्या बहिणीने हरकत घेतली. तिला तिचा वाटा हवा होता. प्रकरण आमच्या वहीत आले. वर्षअखेर जवळ आली होती आणि वहीतले तंटे मिटल्याचे दाखवायचे होते. आम्ही बहिणीला बोलावून घेतले. सतरंजीवर आम्ही अकरा माणसे आणि समोर ती एकटी. आम्ही कुणी तिला दरडावले नाही. उलट फार गोड बोललो. माहेर तुटेल, भाऊबीज बंद होईल, आईला काय वाटेल, गावाचे नाव होईल. सगळ्यांत जास्त मीच बोललो, कारण ती माझी विद्यार्थिनी होती. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "तुम्ही सगळे म्हणता तर..." तिने हरकत मागे घेतली. पुढे रीतसर हक्कसोडपत्र झाले. भावांनी साडीचोळी केली. आम्ही टाळ्या वाजवल्या आणि वहीत 'समोपचाराने मिटला' असे लिहिले. ते अक्षर माझे आहे.

२०१६ सालच्या दुष्काळात ती मला वसमतच्या बसस्थानकावर भेटली. तिच्या सासरच्या कोरडवाहू रानात काही उरले नव्हते. कालव्याकाठच्या एका गावी ती हळद काढायच्या मजुरीला आली होती. मी ओशाळून म्हणालो, "बाई, त्या वेळी तू राजी होतीस म्हणून..." ती रागावली नाही. म्हणाली, "गुरुजी, तुम्ही मला इचारलं कुठं? तुम्ही समजावून सांगितलं."

त्यानंतर मी जुने कागद वाचू लागलो तो राजीनाम्याच्या या अर्थापाशी येऊन थांबलो. विचारणे आणि समजावणे यांतला फरक आमच्या बैठकीत पुसला गेला होता. हिंदू वारसा कायद्याने १९५६ पासून मुलीला बापाच्या मिळकतीत वाटा होता. २००५च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत तिला मुलाच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क दिला. यातले एक अक्षरही आम्ही तिला सांगितले नाही. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो, हेही सांगितले नाही. सांगितले असते तर कदाचित तिने वाटा मागितला असता, कदाचित सोडलाही असता. पण ते तिने ठरवले असते.

गावकीच्या न्यायाचा हा जुना दोष आहे. त्याचे उग्र रूप जातपंचायतीत दिसते. तिथे पंचांचे न ऐकणाऱ्याला वाळीत टाकतात. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली कायदा केला आणि तो २०१७ पासून लागू झाला, तो याच कारणाने. आमची समिती जातपंचायत नव्हती. पण माहेर तुटण्याचे भय दाखवणे ही बहिष्काराचीच धाकटी बहीण आहे, हे मला आता कळते.

मोहिमेचा सुरुवातीचा जोर पुढे ओसरला. आबा २०१५ साली गेले. पण कल्पना गेलेली नाही. लोकन्यायालये भरतात, तिथे झालेली तडजोड कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी बांधून ठेवते आणि त्यावर अपील नसते. म्हणून तिथे सही करताना विचार करावा लागतो. संसदेने २०२३ साली मध्यस्थीचा स्वतंत्र कायदा केला आणि त्यात सामुदायिक मध्यस्थीचे एक प्रकरण घातले. शेजाऱ्या-शेजाऱ्यांतल्या, गावाची शांतता बिघडवू शकणाऱ्या तंट्यात तिघा मध्यस्थांनी बसायचे. त्याआधी दोन्ही पक्षांची संमती हवी. आणि झालेला समझोता कोर्टाच्या निकालासारखा कुणावर लादता येणार नाही. हे वाचले तेव्हा मला तो तीनशे वर्षांपूर्वीचा राजीनामा आठवला. फरक एवढाच, की तेव्हा एकदा राजी झाल्यावर निकाल मानावाच लागे. आता शेवटपर्यंत 'नाही' म्हणता येते.

आजही आमच्या गावात कुणी ना कुणी माझ्याकडे तंटा घेऊन येतो. मी दोन्ही बाजूंना आधी वेगवेगळे भेटतो, त्यांच्या घरी जाऊन भेटतो. बाईचा प्रश्न असेल तर सोबत एखादी जाणती बाई नेतो. वसमतला तालुका विधी सेवा समिती आहे, तिथे जाऊन आधी आपला हक्क विचारून या, असे सांगतो. मग एका कागदावर लिहून घेतो, की मी इथे माझ्या मर्जीने आलो आहे आणि पटले नाही तर उठून जाईन. काही जण खरेच उठून जातात. तेव्हा तंटा मिटत नाही आणि मला वाईट वाटते. पण त्या दिवशी ती सतरंजीवरून उठून गेली असती, तर आज मला जे वाटते ते वाटले नसते.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)