गाडी बंद पडली, आता कोण येणार?

दिल्लीत फिरताना एक शब्द सारखा कानावर पडतो: सराय. सराय काले खां, बेर सराय, कटवारिया सराय. शेरशहा सूरीने (1540 ते 1545) आणि पुढे मुघलांनी मोठ्या वाटांवर या सराया बांधल्या. माणसाला निवारा, जनावराला चारापाणी. अंतर कळावं म्हणून कोसमिनार. त्यातला एक आजही दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात उभा आहे.

त्या मिनाराची किंमत मला यमुना एक्स्प्रेसवेवर कळली. जानेवारीची रात्र, दाट धुकं, मथुरेहून नोएडाला परतताना गाडी बंद पडली. फोन लावला तर पलीकडून पहिलाच प्रश्न, "कितवा किलोमीटर?" मला सांगता येईना. कठड्यापलीकडून मागे चालत जाऊन पाटी शोधली. आणि बायको-मुलांना तोवर गाडीतच बसवून ठेवलं होतं! ही घोडचूक. धुक्यात मागच्याला उभी गाडी दिसते तेव्हा ब्रेक लावायची वेळ गेलेली असते. सगळ्यांनी आधी कठड्यापलीकडे जायचं, मग फोन.

ही मदतीची सोय आली कुठून? 1905 साली इंग्लंडमध्ये ऑटोमोबाइल असोसिएशन निघाली, ती खरं तर पोलिसांच्या वेगसापळ्यांपासून मोटारवाल्यांना सावध करायला! दुरुस्ती मागाहून आली. 1916 मध्ये अमेरिकेत अर्नेस्ट होम्सने मोटारीवर क्रेन बसवली. मुंबईत 1919 साली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन स्थापन झाली. दिल्लीकडे अप्पर इंडियाची. पण या मदतीला सभासदत्व लागायचं. सराय वाटसरूला वर्गणी विचारत नव्हती.

बाकीच्यांचा वाली एकच, झाडाला टायर टांगून बसलेला पंक्चरवाला. 2008 मध्ये दिल्ली-गुडगाव एक्स्प्रेसवे आला, 2012 मध्ये 165 किलोमीटरचा यमुना एक्स्प्रेसवे. रस्त्याला कुंपण पडलं आणि पंक्चरवाल्याची टपरी बाहेर राहिली. म्हणून मदत ही रस्ता चालवणाऱ्याची जबाबदारी झाली. राष्ट्रीय महामार्गांसाठी 2018 पासून 1033 हा क्रमांक आहे. टोल भरतो त्यात गस्तीची गाडी, क्रेन, रुग्णवाहिका येते, हे कितीजणांना ठाऊक असतं? यमुना एक्स्प्रेसवे मात्र उत्तर प्रदेशच्या प्राधिकरणाचा, त्याचा नंबर वेगळा. असे नंबर टोलच्या पावतीवर मिळायचे. 2021 मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला आणि पावतीच हातात येईनाशी झाली. निघण्याआधीच नंबर फोनमध्ये घालून ठेवा.

कायद्याची नजर आणखी निराळी. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 201 वाहतूक अडवून उभ्या असलेल्या गाडीला दंड सांगतं. तो पूर्वी तासाला 50 रुपयांपर्यंत होता, 2019 च्या दुरुस्तीनंतर 500 पर्यंत. 2019 पर्यंत तर अडकलेला माणूसही कायद्याला आधी अडथळा म्हणून दिसायचा.

आमची क्रेन आली. जेवरच्या टोलनाक्यापर्यंत ओढून नेलं आणि क्रेनवाला म्हणाला, "बस, यहीं तक." पुढची व्यवस्था आमची आम्हाला करायची होती. नाक्याबाहेर पडलो, तर धुक्यात एक पिवळा दिवा दिसला आणि त्याखाली टांगलेला टायर.