फुलांची साक्ष

फाल्गुन लागला म्हणजे आदिलाबादच्या डोंगरांवर पळस फुलतो. सातमाळ्याची रांग पूर्वेकडे सरकत जेथे निर्मळच्या डोंगरांत मिसळते, तेथील पानगळीच्या रानात एकही हिरवे पान दिसू नये आणि सारे डोंगर केशरी व्हावेत, असे ते दिवस असतात. हिमालयातल्यासारखी हिमरेषा येथे नाही, बर्फ वितळल्यावर उमलणारी कुरणेही नाहीत. तरीपण डोंगर चढून गेलेल्या माणसापुढे बदरीनाथच्या वाटेवर जो प्रश्न उभा राहतो, तोच येथेही उभा राहतो: हे फूल कोणते, आणि ते तेच आहे हे कशावरून?

पहिला प्रश्न वनस्पतिशास्त्राचा आहे, दुसरा पुराव्याचा. वकिली करणाऱ्या मनुष्याला दुसऱ्याचे आकर्षण अधिक असावे, यात नवल नाही. न्यायालयात ओळख पटविणारा साक्षीदार आपले नाव सांगतो, आपण काय पाहिले व कोठे पाहिले ते सांगतो, आणि मग त्याखाली सही करतो. फुलांच्या बाबतीत अशी सही केलेली साक्ष आपल्या समाजातील तीन पुरुषांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी दिली होती, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक असेल?

कोचीन येथील डच सत्तेचा प्रमुख हेन्ड्रिक व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींचा एक प्रचंड ग्रंथ सिद्ध करविला. 'हॉर्तुस मलाबारिकुस' हे त्याचे नाव. आम्स्टरडॅम येथे १६७८ ते १६९३ या काळात त्याचे बारा खंड प्रसिद्ध झाले व त्यांत सातशेहून अधिक वनस्पतींची वर्णने आली. ऱ्हीड स्वतः १६९१ मध्ये निवर्तला. त्याची भव्य कबर सुरतेस आहे. परंतु ऱ्हीड हा सेनानी आणि प्रशासक होता. रानातल्या वेलीचे नाव, तिच्या फुलण्याचा ऋतू आणि तिचा औषधी गुण त्याला कोणी सांगितला? त्याचे उत्तर पहिल्याच खंडात छापले आहे. इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याची साक्ष तेथे आहे. आणि तिच्याबरोबर रंग भट, विनायक पंडित व अप्पु भट या तीन वैद्यांचे, नागरी लिपीत, कोंकणी भाषेत लिहिलेले प्रमाणपत्र आहे. त्याची तारीख २० एप्रिल १६७५.

हे तिघे गोमंतकातून कोचीनला जाऊन वसलेल्या कोंकणीभाषक ब्राह्मण समाजातले. पोर्तुगीज अमलात ज्यांची देवळे मोडली त्यांनी परमुलखात पुन्हा देव उभे केले, ही कथा आपण अभिमानाने सांगतो. त्या देवांबरोबर त्यांनी आपली भाषा आणि आपले निघंटूही नेले, हे मात्र सांगायचे राहून जाते. प्रमाणपत्रातील मजकूर साधा आहे. आपण माणसे पाठवून फुले, फळे, पाने आणविली, त्यांची चित्रे काढविली, त्यांचे गुण सांगितले, आणि हे काम दोन वर्षे सकाळ-संध्याकाळ केले, असा त्याचा आशय. छापील पृष्ठावर उतरलेल्या नागरी अक्षरांचा तो एक अगदी प्रारंभीचा नमुना होय. ग्रंथातील चित्रांवरही रोमन, मलयाळी व अरबी लिपीतील नावांच्या जोडीला नागरीतील कोंकणी नावे कोरलेली आहेत. म्हणजे चित्र एकटे नाही. त्याच्याजवळ नाव आहे, आणि नावाच्या मागे ते सांगणारा माणूस उभा आहे.

आता आपला पळस पाहा. त्या ग्रंथाच्या सहाव्या खंडात तो 'प्लासो' या नावाने येतो. पुढे फ्रेंच पंडित लामार्क याने १७८३ मध्ये या झाडाला शास्त्रीय नाव दिले, ते ऱ्हीडच्या याच 'प्लासो'चा दाखला देऊन. त्यापूर्वी लिनियसनेही १७५३ च्या आपल्या ग्रंथात भारतातील अनेक वनस्पतींसाठी 'हॉर्तुस'वरच भिस्त ठेवली होती. आज पळसाला 'ब्युटिआ मोनोस्पर्मा' म्हणतात. त्यातील 'ब्युटिआ' हा शब्द ब्यूट नामक एका स्कॉटिश सरदाराच्या सन्मानार्थ आहे. 'मोनोस्पर्मा' म्हणजे एकबीजी. ज्याने ते झाड दाखविले त्याचे नाव त्यात कोठेही नाही.

असे पुढेही घडत आले. जुन्नरच्या डोंगरकड्यांवर तांबूस, ताऱ्यासारख्या फुलांची एक मांसल वनस्पती उगवते. लोक तिला शिंदळ माकुडी म्हणतात. डाल्झेल या शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये तिचे वर्णन केले आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून तिला 'फ्रेरिआ' म्हटले. डाल्झेलची विद्वत्ता खरी, परिश्रमही खरे. शास्त्रीय नावाचा उपयोग तर वादातीत आहे. साऱ्या जगाने एकाच वनस्पतीविषयी बोलावे यासाठी ते हवेच. प्रश्न एवढाच आहे की नवे नाव नोंदविताना जुनी साक्ष दप्तरातून काढून टाकावी काय?

साक्ष हरविली म्हणजे काय होते, याचे उदाहरण आपल्या घरोघरी आहे. श्रावणातल्या एखाद्या रात्री कुंडीतले पांढरे फूल उमलते. आपण त्याला ब्रह्मकमळ म्हणून निरांजन ओवाळतो. ते फूल मेक्सिको व मध्य अमेरिकेतून आलेल्या एका निवडुंगाचे आहे. खरे ब्रह्मकमळ हिमालयात सुमारे साडेतीन हजार मीटरच्या वर, खडकांच्या आडोशाने, पावसाळ्यात फुलते आणि केदार-बदरीला वाहिले जाते. फ्रँक स्माइद या गिर्यारोहकाने १९३१ मध्ये कामेत शिखरावरून परतताना जी भ्यूंदारची दरी पाहिली व १९३८ च्या आपल्या पुस्तकाने 'फुलांची दरी' म्हणून प्रसिद्ध केली, त्या प्रदेशाचे हे फूल. त्या दरीचे १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. ओवाळणाऱ्याच्या भक्तीला यात दोष लागत नाही. देव भाव पाहतो. पण ब्रह्मकमळ प्रत्येक सज्जात फुलते अशी समजूत झाली, तर हिमालयातले विरळ होत चाललेले मूळ फूल खुडू नये असे कोणाला वाटेल? चुकीच्या ओळखीची किंमत अखेर निरपराध्यालाच द्यावी लागते.

आज डोंगरावर जाणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. कासच्या पठारापासून आदिलाबादच्या कुंटाला धबधब्यापर्यंत हजारो छायाचित्रे निघतात. छायाचित्र ही मोठी सोय आहे. फूल खुडावे लागत नाही. परंतु नुसती पाकळी टिपलेल्या चित्रातून पानांची मांडणी कळत नाही, जागा कळत नाही, दिवसही कळत नाही. आपल्या नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही, जो १ जुलै २०२४ पासून लागू झाला, इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून मांडताना कलम ६३ प्रमाणे सोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. चित्राबरोबर उत्तरदायी माणूस हवा, हे तत्त्व रंग भटांनी १६७५ मध्येच पाळले होते!

खूण कशी सांगावी, हे लोकभाषेलाही ठाऊक होते. कोठेही गेले तरी पळसाला पाने तीनच, ही म्हण आपण माणसाच्या नशिबाविषयी वापरतो. पण मुळात ती एक अचूक वनस्पतिशास्त्रीय नोंद आहे. फुले नसतानाही पळस ओळखावा कसा, ते तिने सांगून ठेवले.

आदिलाबादच्या डोंगरांत पळसाला मराठीत पळस व तेलुगूत मोदुग म्हणतात. गोंड व कोलाम यांच्या भाषा तेथे निराळ्याच. १९५६ च्या पुनर्रचनेत किनवट मुंबई राज्याकडे आले, आदिलाबाद आंध्रात राहिले, २०१४ मध्ये ते तेलंगणात गेले आणि २०१६ मध्ये जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. दप्तरे बदलली, रानातली नावे रानातल्या माणसांच्या तोंडीच राहिली. ती माणसे गेली की नावेही जातील. जैवविविधता अधिनियम २००२ ने प्रत्येक स्थानिक संस्थेत समिती नेमून अशा ज्ञानाची नोंदवही ठेवण्याची तरतूद केली आहे. तरतूद चांगली आहे. पण नोंदवहीत उतरायला प्रथम कोणी विचारावे लागते आणि सांगणाऱ्याचे नाव आदराने लिहावे लागते.

वाचकहो, यात्रेला वा डोंगरावर जाल तेव्हा फुलाचे चित्र जरूर घ्या. सबंध झाड घ्या, पान घ्या, जागा व तिथी लिहा. आणि वाटेवर भेटेल त्या गुराख्याला वा म्हातारीला विचारा, की बाई, याला तुमच्यात काय म्हणतात? मिळालेले नाव तिच्या नावासह लिहून ठेवा. आपल्या तीन पूर्वजांची नावे एका डच माणसाने छापली म्हणून ती आज आपल्याला माहीत आहेत. तेवढे ऋण आपण दुसऱ्या कोणाच्या नावाने फेडू शकतो.