अर्जाखाली नांगराची निशाणी

जुन्या दप्तरांत कुणब्याच्या कागदाखाली पुष्कळदा सही नसते, नांगराची निशाणी असते. मजकूर लिहिणारा दुसराच कोणी. आपण कशाखाली नांगर काढून दिला, हे त्या कुणब्याला ठाऊक असे का? इंदापूर आणि बारामती या शेजारच्या तालुक्यांचा एकोणिसाव्या शतकातला इतिहास वाचताना हा प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो.

इंग्रजी अमलाच्या आरंभी प्रिंगलसाहेबांनी ठरवलेला सारा इंदापूरच्या शेतकऱ्याला झेपला नाही. अनेकांनी जमिनी टाकून दिल्या. मग १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी नव्याने पाहणी केली, सारा उतरवला आणि तीस वर्षांसाठी बांधून दिला. मुंबई इलाख्यातल्या पाहणी पद्धतीचा पाया इंदापुरात पडला, तो असा.

या पद्धतीत रयतेला एक मोकळीक होती. नको असलेला सर्व्हे नंबर 'राजीनामा' देऊन सोडता येई, हवा असलेला 'कबुलायत' लिहून देऊन घेता येई. आज आपण नोकरीचा राजीनामा देतो, तेव्हा तो शेताचाही असे! पण कागद वेळेत पोचायला हवा. १८७९ च्या जमीन महसूल कायद्याने त्यासाठी सर्वसाधारणपणे ३१ मार्चपूर्वीची मुदत घातली होती. मुदत टळली, की नको असलेल्या शेताचा साराही पुढल्या वर्षी मानेवर बसे.

सरकारदरबारचा कागद निदान ठरावीक नमुन्याचा होता. सावकाराच्या घरचे खत तसे नव्हते. त्यात मुद्दल किती, व्याज किती, फेड किती, हे सावकारच जाणे. अमेरिकेतले यादवी युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, फेरपाहणीत सारा वाढला आणि कर्ज चढत गेले. अखेर १२ मे १८७५ रोजी सुपे गावी लोक सावकारांवर चालून गेले. हे सुपे आज बारामती तालुक्यात आहे. लोकांचा मुख्य रोख खतांवर आणि हुकूमनाम्यांवर होता. पुढे दंगा जिथे जिथे पसरला, तिथे हेच कागद हिसकावून जाळले गेले. जो कागद वाचता येत नाही, त्यातून सुटायला त्यांना आगीवाचून दुसरी वाट दिसली नाही.

सरकारने चौकशी केली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा आला. आता खत गावच्या निबंधकासमोर लिहायचे, शेतकऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचे आणि मगच त्याची निशाणी घ्यायची. पैसे फेडले की पावती, मागितला की हिशेब. कर्ज यामुळे संपले नाही. पण ऐकल्यावाचून निशाणी नाही, हे तत्त्व कायद्यात आले.

आज तहसील कचेरीत अर्ज देताना हेच ध्यानात ठेवावे. अर्ज कोणाकडे आहे, ते वर लिहावे. एका अर्जात एकच विषय मांडावा. गाव, गट क्रमांक आणि तारीख घालावी, सोबतच्या कागदांची यादी जोडावी. दुसऱ्याने लिहून दिला असेल, तर सहीपूर्वी वाचून घ्यावा. आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. महाराष्ट्राच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवांच्या अर्जाची पोच मिळणे हा आपला हक्कच ठरवला आहे. सुप्याच्या शेतकऱ्याच्या हाती असा एखादा कागद असता, तर कदाचित त्याला काडी ओढावी लागली नसती.