एकोणिसाचे कोडे

'चार चोक सोळा' आपण सर्वांनीच घोकले आहे. पण ४ हा अंक बरोबर चार वेळा वापरून, मधे गणिती चिन्हे घालून, १ पासून पुढच्या संख्या ओळीने मांडा असे कुणी म्हटले तर? ४४ ÷ ४४ म्हणजे १. सोळासाठी चौघांची नुसती बेरीज पुरते. सतराला ४ × ४ + ४ ÷ ४. अठराला वर्गमूळ हाताशी धरावे लागते: ४ × ४ + ४ − √४.

या कोड्याचा एक पूर्वज टॉमस डिलवर्थ या इंग्रज पंतोजींच्या अठराव्या शतकातील अंकगणितात सापडतो. तिथे एक भाऊ दुसऱ्याला विचारतो, चार ३ मांडून ३४ करशील का? (वाचकांनी करून पाहावे, अवघड नाही.) चार चौकांचे कोडे मात्र प्रथम छापले गेले ते डिसेंबर १८८१ मध्ये, खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड प्रॉक्टर यांच्या 'नॉलेज' या नियतकालिकात. टोपणनावाने लिहिणाऱ्या एका वाचकाने कळवले होते की, २० पर्यंतच्या साऱ्या संख्या जमतात, फक्त १९ जमत नाही.

मला यातला हा एकोणीसच फार मोलाचा वाटतो. दोष संख्येत नव्हता, हाताशी घेतलेल्या चिन्हांत होता. चिन्हांनाही जन्मसाल असते. √ हे चिन्ह जर्मनीत रुडॉल्फने १५२५ मध्ये छापले. बरोबरचे चिन्ह रेकॉर्डचे, १५५७ चे. क्रमगुणितासाठी उद्गारचिन्ह योजले क्रिस्तियन क्रांप याने १८०८ मध्ये. ४! म्हणजे ४ × ३ × २ × १, अर्थात २४. ते हाती आले की ४! − ४ − ४ ÷ ४ बरोबर १९!

चिन्ह क्रांपचे, पण क्रिया फार जुनी. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (११५०) शेवटी अंकपाश नावाचे प्रकरण आहे. ३, ९, ८ हे अंक घेऊन किती संख्या होतील आणि त्यांची बेरीज किती, असे ते विचारतात. संख्या सहा, बेरीज ४४४०. पुढे २ ते ९ हे आठ अंक देतात. त्यांच्या संख्या होतात ४०३२०, म्हणजेच आजच्या लिपीत ८!. (आचार्यांचे विज्जलविड म्हणजे विजापूर की चाळीसगावजवळचे पाटण, याचा वाद आहेच. सीमाभागातल्या माणसाला त्याचे नवल वाटू नये.)

विसाव्या शतकात पॉल डिरॅक यांनी लघुगणक आणि एकात एक वर्गमूळे वापरून अवघ्या तीन २ मध्ये कोणतीही पूर्ण संख्या मांडण्याचे सूत्र दिले. हवी असेल ती संख्या, तितकी वर्गमूळे! बुद्धी अफाट, पण खेळ तिथेच संपला. मला तो विजय थोडा निर्दय वाटतो.

आमच्या शाळेत ऑफ तासाला मी हे कोडे फळ्यावर लिहितो. आठवीला क्रमगुणित ठाऊक नसते, म्हणून १९ वगळा असे मी सांगत असे. एका वर्षी मागच्या बाकावरची, गणितात जेमतेम पास होणारी मुलगी उठली आणि तिने लिहिले: (४ + ४ − .४) ÷ .४. वर सात पूर्णांक सहा दशांश, खाली चार दशांश. दशांश चिन्हाआधी शून्य नाही, म्हणून परीक्षेत तिचा अर्धा गुण कापला गेला असता. इथे ते शून्य लिहिले असते, तर नियमच मोडला असता.