बेरियमचे कोडे

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण विज्ञानाच्या इतिहासालाही अधूनमधून लागू पडते. १९३४ ते १९३८ या काळात युरोपातील काही नामांकित प्रयोगशाळांची अशीच स्थिती झाली होती. युरेनियमचा अणू त्यांच्या हातांखाली फुटत होता, त्याचे तुकडे त्यांच्या परीक्षानळ्यांत साचत होते. आणि ही विद्वान मंडळी मात्र युरेनियमहूनही जड अशा नव्या मूलद्रव्यांचा माग काढीत होती.

त्यांच्या या भ्रमाला कारण होते. अणूचे जवळजवळ सारे वस्तुमान त्याच्या मध्यभागी एका अतिसूक्ष्म गर्भात एकवटलेले असते, हे रूदरफर्ड यांनी १९११ मध्ये दाखवून दिले होते. या गर्भात धनविद्युत्‌भारित प्रोटॉन किती, यावरून मूलद्रव्य ठरते. हायड्रोजनमध्ये एक, बेरियममध्ये छप्पन्न, रेडियममध्ये अठ्ठ्याऐंशी, युरेनियममध्ये ब्याण्णव. बेकेरेल यांनी १८९६ मध्ये पाहिलेल्या आणि क्यूरी दांपत्याने अभ्यासिलेल्या किरणोत्सर्गाचे स्वरूपही तोपर्यंत उलगडले होते. गर्भातून अल्फाकण बाहेर पडला, की मूलद्रव्य दोन पायऱ्या खाली येते. बीटाकण बाहेर पडला, की एक पायरी वर जाते. अणुगर्भातील सारी ज्ञात स्थित्यंतरे अशी एकदोन पायऱ्यांचीच होती. एखादा गर्भ मधोमध दुभंगेल, हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते.

१९३२ मध्ये चॅडविक यांनी न्यूट्रॉन शोधून काढला. त्याच्यावर विद्युत्‌भार नसल्याने गर्भातील प्रोटॉन त्याला दूर लोटीत नाहीत. परक्याच्या घरात शिरण्यास याहून सोयीचा पाहुणा नाही. रोममध्ये एन्रिको फर्मी यांनी १९३४ मध्ये एकामागून एक मूलद्रव्यांवर न्यूट्रॉनांचा मारा केला. युरेनियमची पाळी आली तेव्हा नवेच किरणोत्सर्गी पदार्थ निर्माण झाले, आणि ते त्र्याण्णवावे मूलद्रव्य असावे असे अनुमान निघाले. इडा नोडॅक या जर्मन रसायनशास्त्रज्ञ बाईंनी त्याच वर्षी हरकत घेतली, की गर्भाचे मोठे तुकडे झाले नसतील कशावरून? त्यांच्याकडे कोणी लक्ष दिले नाही. मात्र त्यांनी स्वतःही प्रयोग करून पाहिला नाही, हे नमूद करावयास हवे. रोमच्या प्रयोगांत युरेनियमवर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा झाकलेला असे; फुटलेले तुकडे त्यातच अडकत. तो पत्रा काढला असता तर पुढील इतिहास कसा घडता, हा विचार अस्वस्थ करणारा आहे. हिटलरच्या हाती त्या वेळी अजून चार-पाच वर्षे होती.

बर्लिनमध्ये हेच काम ऑटो हान आणि लिझे माइटनर करीत होते. पुढे त्यांना फ्रिट्झ स्ट्रासमान येऊन मिळाले. हान रसायनाचे जाणकार, माइटनरबाई पदार्थविज्ञानाच्या. १९०७ मध्ये व्हिएन्नाहून त्या बर्लिनला आल्या, तेव्हा रसायनसंस्थेत स्त्रियांना प्रवेश नव्हता. तळघरातील जुन्या सुतारखान्यात त्यांना जागा मिळाली. त्यानंतर तीस वर्षे हे सहकार्य चालले. १९३८ च्या मार्चमध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि जन्माने ज्यू असलेल्या माइटनरबाईंचे ऑस्ट्रियन नागरिकत्वाचे कवच नाहीसे झाले. जुलैमध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी, त्या गुपचूप आगगाडीने हॉलंडमध्ये शिरल्या. वेळ पडल्यास उपयोगी यावी म्हणून हान यांनी आपल्या आईची हिऱ्याची अंगठी त्यांना दिली होती. तेथून त्या स्टॉकहोमला गेल्या. प्रयोगाची साधने मात्र बर्लिनलाच राहिली.

त्या शरद ऋतूत हान आणि स्ट्रासमान यांना वाटले, की न्यूट्रॉनांच्या माऱ्याने युरेनियमपासून रेडियम तयार होते. नोव्हेंबरमध्ये कोपनहेगन येथे हान आणि माइटनरबाई यांची गुप्तपणे भेट झाली. ब्याण्णवावरून अठ्ठ्याऐंशीवर येणे म्हणजे एका मंद न्यूट्रॉनने दोन अल्फाकण बाहेर काढणे. हे त्यांना पटेना. प्रयोग पुन्हा तपासून पाहावा, असा त्यांनी आग्रह धरला. ही तपासणीच निर्णायक ठरली. रेडियम आणि बेरियम यांचे रासायनिक गुण सारखे असल्याने प्रयोगात बेरियम मिसळीत आणि मग स्फटिक पाडून दोन्ही वेगळी करीत. पण ते ‘रेडियम’ बेरियमपासून काही केल्या वेगळे होईना. ते बेरियमच होते. १९ डिसेंबरला हान यांनी ही अद्भुत वार्ता स्टॉकहोमला पत्राने कळविली आणि याचा उलगडा काय, असे विचारले. नवी किरणोत्सर्गी मूलद्रव्ये दाखवून दिल्याबद्दल फर्मी यांनी नोबेल पारितोषिक त्याच शहरात नऊच दिवसांपूर्वी स्वीकारले होते.

नाताळात माइटनरबाई कुंगेल्व या लहानशा गावी गेल्या होत्या. त्यांचा भाचा ऑटो फ्रिश कोपनहेगनहून तेथे आला. दोघे बर्फात फिरावयास निघाले. भाचा बर्फावरील पट्ट्यांवर, मावशी पायी. वाटेत एका झाडाच्या ओंडक्यावर बसून कागदाच्या चिठोऱ्यांवर त्यांनी हिशेब मांडला. अणुगर्भ हा पाण्याच्या थेंबासारखा मानावा, ही कल्पना गॅमो आणि बोर यांच्यामुळे परिचित होती. थेंबाला पृष्ठताण एकत्र ठेवतो. परंतु ब्याण्णव प्रोटॉनांचे परस्परांना दूर लोटणे इतके प्रबळ असते, की तो ताण जेमतेम पुरतो. न्यूट्रॉन आत शिरताच थेंब डुचमळतो, लांबट होतो, कमरेशी बारीक होतो आणि तुटतो. एक तुकडा छप्पन्नचा, म्हणजे बेरियम, तर दुसरा छत्तीसचा, म्हणजे क्रिप्टॉन, बेरीज ब्याण्णव. हे तुकडे सुमारे वीस कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतक्या ऊर्जेने दूर फेकले जातील, असे गणित आले. कोळशाचा एक अणू जळताना चारएक इलेक्ट्रॉन-व्होल्टच मिळतात. ही ऊर्जा कोठून यावी? अणुगर्भांच्या वस्तुमानांचे सूत्र माइटनरबाईंना तोंडपाठ होते. तुकड्यांचे एकत्रित वस्तुमान मूळच्यापेक्षा प्रोटॉनच्या एकपंचमांशाने कमी भरत होते, आणि आइन्स्टाइनच्या समीकरणात ती तूट घालताच उत्तर तेच आले, वीस कोटी.

जानेवारीत फ्रिश यांनी प्रयोगाने याची खात्री केली आणि पेशीविभाजनाच्या जीवशास्त्रीय परिभाषेतून या क्रियेला नाव दिले. पुढचा वेग सर्वज्ञात आहे. विखंडनातून नवे न्यूट्रॉन सुटतात, ते आणखी गर्भ फोडतात. ही साखळी आवरून धरली, की अणुभट्टी होते; शिकागोची १९४२ मधील आणि आपल्याकडची ट्रॉम्बे येथील १९५६ ची ‘अप्सरा’ याच तत्त्वावर चालली. न आवरता सोडली, तिचे फळ ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमाने भोगले. बाँबच्या कामात येण्याचे निमंत्रण माइटनरबाईंनी नाकारले होते.

बर्लिनच्या शोधनिबंधावर हान आणि स्ट्रासमान एवढीच नावे होती. परागंदा ज्यू स्त्रीचे नाव त्या राजवटीत छापणे शक्य नव्हते. परंतु राजवट गेल्यावरही न्याय झाला नाही. १९४४ सालचे रसायनाचे नोबेल पारितोषिक एकट्या हान यांना मिळाल्याचे १९४५ मध्ये जाहीर झाले, आणि हा शोध केवळ रसायनाचा, अशीच भूमिका त्यांनी पुढे घेतली. हान यांची अडचण समजू शकते. ही भूमिका समजत नाही. १९६८ मध्ये, वयाच्या नव्वदीच्या उंबरठ्यावर, माइटनरबाई केंब्रिजमध्ये निवर्तल्या. त्यांच्या प्रयोगशाळेतील उपकरणे म्युनिकच्या संग्रहालयात एका मेजावर मांडलेली होती. ‘ऑटो हान यांचे कामाचे मेज’ अशी पाटी त्याच्यावर कित्येक वर्षे होती. ती पुढे बदलण्यात आली.